दोन काळांच्या सांध्यावरची गोलंदाज : शिखा पांडे

रसिक श्रोतेहो, मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी १९६१च्या डिसेंबरात कानपूरला पहिली कसोटी खेळली आणि त्याच महिन्यात गोवा मुक्त झाला. पण त्यांचे क्रिकेट घडले ते मुंबईत. गोव्याकडूनच खेळत राहून भारतीय संघात पोहोचण्याची वाट शिखा पांडे यांनी चालून दाखवली, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलायचे ठरवले. त्यांचा जन्म करीमनगरचा, क्रिकेट मात्र गोव्याचे, आणि अभियांत्रिकीची पदवी इथल्या आपल्या फर्मागुडीच्या महाविद्यालयातली.

पदवीनंतर, २०११मध्ये, त्या हवाई दलात गेल्या आणि तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाचे काम करू लागल्या. गणवेशातली क्रिकेटपटू म्हणून वर्तमानपत्रांनी या गोष्टीचे कौतुक केले, पण मला त्यात व्यवहार अधिक दिसतो. महिला क्रिकेट २००६मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाकडे आले, तरी खेळाडूंना मंडळाचे वार्षिक करार मिळायला २०१५ साल उजाडले, आणि तेव्हाही वरच्या श्रेणीला १५ लाख व खालच्या श्रेणीला १० लाख रुपये होते. त्याआधी क्रिकेटवर पोट भरण्याचा प्रश्नच नव्हता. रेल्वेने नोकऱ्या दिल्या म्हणून कितीतरी जणींचा खेळ टिकला. ज्या मुलीला खेळायचे होते तिला आधी नोकरी शोधावी लागे, आणि पांडे यांनी ती हवाई दलात शोधली.

२०१४च्या मार्चमध्ये बांगलादेशात कॉक्स बझारला त्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय टी-२० सामना खेळला. ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील वर्म्सली येथे कसोटी पदार्पण झाले. भारतीय महिलांची ती आठ वर्षांतली पहिली कसोटी होती, त्यामुळे संघात आठ जणी नवख्या होत्या, आणि तरीही भारताने ती सहा गडी राखून जिंकली. विजयाच्या वेळी मिताली राज यांच्यासोबत खेळपट्टीवर नाबाद उभ्या होत्या त्या पांडे. पुढे त्यांना आणखी फक्त दोन कसोटी सामने मिळाले. चेंडू दोन्हीकडे हलवू शकणाऱ्या गोलंदाजाच्या वाट्याला सात वर्षांत तीनच कसोट्या याव्यात, हे मला त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत खटकणारे वास्तव वाटते; दोष अर्थात कार्यक्रमपत्रिकेचा.

२०१७च्या विश्वचषकाचा अंतिम सामना लॉर्ड्सवर नऊ धावांनी गेला, त्याची उजळणी इथे नको. २०२०च्या टी-२० विश्वचषकाकडे मात्र थोडे थांबून पाहू. सिडनीतल्या सलामीच्या सामन्यात १३२ धावांचा बचाव करताना पांडे यांनी ऑस्ट्रेलियाचे तीन बळी १४ धावांत घेतले. पुढे ८ मार्चला मेलबर्नमध्ये, भारताने गमावलेल्या अंतिम सामन्यात, शहाऐंशी हजारांवर प्रेक्षकांसमोर, त्याच संघाने त्यांच्या चार षटकांत ५२ धावा लुटल्या आणि अ‍ॅलिसा हीलीने त्यांना लागोपाठ तीन षटकार मारले. गोलंदाज तीच आणि प्रतिस्पर्धीही तेच. आपल्याकडे मात्र पराभवानंतर सिडनीचा सामना चटकन विसरला गेला.

या हिशेबात २०२१च्या ऑक्टोबरातला एक चेंडू धरायलाच हवा. गोल्ड कोस्टला हीलीने त्यांच्या पहिल्या चेंडूवर चौकार मारला. दुसरा चेंडू ऑफ स्टंपच्या बराच बाहेर पडला, टप्प्यानंतर इतका आत घुसला की बॅट आणि पॅड यांच्यामधल्या फटीतून जाऊन त्याने हीलीचा त्रिफळा उडवला. शतकातला चेंडू म्हणून त्याची चित्रफीत जगभर फिरली. भारत तो सामना हरला, हे सांगायला हवे. आणि त्यानंतर काही महिन्यांतच, २०२२च्या विश्वचषकासाठी जाहीर झालेल्या संघात पांडे यांचे नाव नव्हते.

त्या २०२३च्या सुरुवातीला संघात परतल्या, केपटाऊनमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धचा टी-२० विश्वचषकाचा उपांत्य सामना खेळल्या, आणि त्याच महिन्यात महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात दिल्लीने त्यांना ६० लाखांना घेतले. मार्चमध्ये ब्रेबॉर्नवरच्या अंतिम सामन्यात दिल्लीचे नऊ गडी ७९ धावांत बाद झालेले असताना पांडे आणि राधा यादव यांनी प्रत्येकी नाबाद २७ धावा करून अखेरच्या जोडीसाठी ५२ धावा जोडल्या. चषक मुंबईने नेला. पुढच्या दोन्ही वर्षी दिल्ली अंतिम फेरीत येऊन हरली, आणि पांडे तिन्ही वेळा त्या संघात होत्या.

भारतीय संघाकडून दोन वर्षांहून अधिक काळ न खेळलेल्या, छत्तीस वर्षांच्या या गोलंदाजासाठी २०२५च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशच्या संघाने २ कोटी ४० लाख रुपये मोजले. हवाई दलाच्या नोकरीमुळे जो खेळ चालू राहू शकला, त्याच खेळाला चौदा वर्षांनी बाजारात ही किंमत आली. निवड समितीचे मत मात्र वेगळे राहिले.