शाईतलं भूत

[टेबलावर पांढरा कागद. वरून उजेड.]

हा कागद कोरा दिसतोय. कोरा नाही तो.

[हात कागद उचलून तिरका धरतात.]

उजेडात जरा कलता धरला की मधोमध काहीतरी चकाकतं. गोल डोकं, दोन पोकळ डोळे, खाली फाटक्या झालरीसारखा झगा. भूत. काही मिनिटांपूर्वी ते ठशानं उमटवलंय, बिनरंगी शाईत, पांढऱ्यावर पांढरं. ते दिसायला लागेल रंग चढल्यावर, आणि रंग चढवायला आज सगळी दुपार आहे.

हॅलोविन या भुताखेतांच्या सणाचं शेकर कार्ड म्हणजे खिडकी असलेलं भेटकार्ड. खिडकीला पारदर्शक तावदान, तावदानामागं चार-पाच मिलिमीटरची पोकळी, पोकळीत टिकल्या आणि मणी. कार्ड हलवलं की आतून खुळखुळ ऐकू येते. बघणाऱ्याचं लक्ष साहजिकच त्या खुळखुळीकडे जातं. आम्हीही कॅमेरा घेऊन आलो ते तिच्यासाठीच. पण टेबलापाशी दोन दिवस बसल्यावर कॅमेरा सारखा वळत राहिला तो टिकल्यांमागच्या कागदाकडे.

[जवळून: ठसा, ॲक्रिलिकचा ठोकळा.]

ठसा पारदर्शक आहे. ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर नुसता दाबला की चिकटतो, काम झालं की सोलून काढता येतो. त्याच्यातून खालचा कागद दिसतो, त्यामुळं भूत नेमकं कुठं बसणार ते आधीच कळतं. शेजारच्या डब्यात लाल रबराचे जुने ठसेही आहेत, लाकडावर बसवलेले. रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ करण्याच्या कृतीचं पेटंट चार्ल्स गुडइयरला अमेरिकेत १८४४ मध्ये मिळालं. त्याआधीचं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ व्हायचं. त्यात बारीक रेघ टिकणं कठीणच. कोळ्याच्या जाळ्याचा केसाएवढा धागा आज रबरी ठशातून जसाच्या तसा उमटतो, त्याची सुरुवात तिथं आहे.

[पुरचुंडी कागदावरून फिरते. ठसा टेकतो.]

ठसा टेकवण्याआधी कागदावरून ही पुरचुंडी फिरते. तिच्यात बारीक, कोरडी भुकटी आहे. ती फिरवली नाही तर स्थिर विजेमुळं पुढची पावडर नको तिथं चिकटते आणि भुताभोवती पुरळ उठतं. मग ठसा. शाई चिकट आणि सावकाश वाळणारी. ती ओली असतानाच वर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर भुरभुरवायची, कागद उभा धरायचा, मागून टिचकी मारायची. जास्तीची पावडर घरंगळून परत बरणीत जाते. शाईनं धरलेली तेवढी राहते.

[हीट गन सुरू. पावडर वितळते. निवेदन नाही.]

दाणेदार, धुरकट दिसणारा आकार क्षणात काचेसारखा होतो. कण उष्णतेनं वितळून एकमेकांत मिसळतात आणि गार झाले की घट्ट बसतात. हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, एकाच जागी धरून ठेवली तर कागद वळतो, म्हणून हात सतत हलता. हा क्षण आम्ही सात वेळा चित्रित केला. सातही वेळा वितळण्याची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून झाली.

[शाईच्या चौकोनी डब्या, एकेक उघडते.]

आता शाई.

डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो, तो कागदाच्या तंतूंत मुरतो. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते वरच बसून राहतात. या टेबलावर तिसरीही आहे. ऑक्साइड शाई, दोन्हींचं मिश्रण. तिच्यावर पाणी पडलं की खडूसारखी पांढुरकी झाक येते. डब्यांवरची नावं वाचण्याजोगी आहेत. कार्व्हड पम्पकिन, म्हणजे कोरलेला भोपळा. विल्टेड व्हायोलेट, कोमेजलेलं जांभळं फूल. ब्लॅक सूट, काजळी. हॅलोविनची रात्र डबीतच अर्धी तयार आहे.

[ब्रश शाईच्या गादीवर टेकतो. वरून दृश्य: गोल गोल हालचाल.]

सुरुवात फिकटापासून. ब्रश गादीवर टेकवायचा, पण थेट कागदावर न्यायचा नाही. आधी कागदाबाहेर, खालच्या चटईवर गोल फिरवायचा आणि फिरता फिरताच कडेवरून आत शिरायचं. ब्रश उचलून कागदावर ठेवला की डाग पडतो आणि तो डाग मग जात नाही. मनगट सैल. दाब इतका हलका की पहिले पाच-सहा वेढे रंग दिसतसुद्धा नाही.

मग तो दिसतो.

[पिवळा. त्यावर नारिंगी.]

पिवळ्यावर नारिंगी. नारिंगी जिथं विरत जातो तिथं पुन्हा पिवळा ब्रश, मग पुन्हा नारिंगी. दोन रंगांमधली शिवण अशी मागं-पुढं करूनच बुजते. आता जांभळा यायचाय, पण नारिंगी आणि जांभळा एकमेकांवर चढले की मधे चिखल होतो. म्हणून दोघांच्या मधे रासबेरीचा गुलाबी. तो दोघांशीही जमवून घेतो. हिरवा मात्र जांभळ्याच्या वाटेला जाऊच द्यायचा नाही, तो वापरायचा तर दुसऱ्या कार्डावर. रंगांच्या या सोयरिकी कुठल्याही तक्त्यापेक्षा फुकट गेलेले कागद जास्त शिकवतात. खोलीतल्या कपाटाचा एक अख्खा खण त्या कागदांनी भरलाय आणि त्यातला एकही टाकलेला नाही. त्यांच्यातून वटवाघळं कापली जातात.

[कडांना काळा. कागद आता जवळजवळ पूर्ण भरलेला. कोरडं फडकं.]

शेवटी कडांना काजळी, आणि तीही अगदी थोडी. भुतावरही रंग चढलाय, सगळीकडे चढतोय तसाच. पण वितळलेल्या पावडरीत तो मुरत नाही, नुसता वर बसतो. आता फडकं.

[फडकं भुतावरून एकदा फिरतं. निवेदन नाही. चार सेकंद.]

डोळ्यांच्या जागी पावडर नव्हती. तिथं जांभळा शिरलाय.

[बोटं पाण्यात. शिंतोडे.]

अजून एक काम उरलंय. बोटं पाण्यात बुडवून शिंतोडे मारायचे, पाचपर्यंत मोजायचं, टिपकागदानं टिपायचं. थेंबाखालचा रंग विरघळून टिपकागदावर येतो आणि मागं फिकट ठिपका राहतो. ठिपक्यांवर ठिपके पडले की धुकं दिसायला लागतं. यानंतर कागद आपोआप वाळू द्यायचा. पुन्हा हीट गन लावली तर भूत वितळेल.

खिडकीमागं लावायला छापील कागद तयार मिळतो. त्यावर जाळी असतात, भोपळे असतात, आकाशही असतं. बरेच जण तोच लावतात, कारण पुढं टिकल्या येणार, मागचं कोण बघतंय. मला हे पटत नाही. टिकल्या हलतात, बाजूला सरकतात, आणि त्या सरकल्या की जे दिसतं ते हाताचं असायला हवं. या दुपारी जे कॅमेऱ्यात आलंय ते छापून येत नाही. शेजारी वाळत पडलेल्या पाच कागदांकडे बघा. पाचही त्याच डब्यांतून रंगवलेत. आकाश प्रत्येकाचं वेगळं आहे.

[जुनी पोस्टकार्डं, एकेक करून.]

ही कार्डं शंभर वर्षांहून जुनी आहेत. त्यांचा या टेबलाशी संबंध आहे.

हॅलोविन ३१ ऑक्टोबरला. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये त्या रात्री सलगम कोरून त्याचे दिवे करायचे. तिथली माणसं अमेरिकेत गेली, तिथं त्यांना भोपळा मिळाला. सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा भोपळा पोस्टकार्डावर आला. तोवर अमेरिकेत पोस्टकार्डाची मागची बाजू फक्त पत्त्यासाठी असायची. मजकूर लिहायचा तर चित्राच्या बाजूलाच कुठंतरी दाटीवाटीनं. १ मार्च १९०७ पासून मागच्या बाजूवर पत्त्याशेजारी मजकूर लिहायला परवानगी मिळाली आणि चित्राला पुढची सगळी जागा मोकळी झाली. भुतं, चेटकिणी, काळी मांजरं, हसरे भोपळे यांनी ती भरून टाकली.

[जवळून: रंगांचे थर, भिंगातून.]

यातली कितीतरी कार्डं जर्मनीत छापलेली आहेत, क्रोमोलिथोग्राफीनं, म्हणजे दगडावरून केलेल्या रंगीत छपाईनं. एका रंगाला एक दगड, रंगावर रंग, प्रत्येक वेळी कागद पुन्हा नेमक्या त्याच जागी बसवायचा. भिंगातून पाहिलं की ठिपक्यांवर पडलेले ठिपके दिसतात. नारिंगी आभाळ पिवळ्याच्या पोटातून वर आलेलं दिसतं. आताच टेबलावर पाहिलं तसंच.

[यांत्रिक पोस्टकार्ड: कागदी हात वर-खाली.]

आणि हे बघा. एलेन क्लॅपसॅडल या अमेरिकी चित्रकर्तीचं कार्ड, इंटरनॅशनल आर्ट पब्लिशिंग कंपनीनं काढलेलं. अशी चार कार्डं आहेत. चित्रातल्या मुलाचा हात वेगळ्या कागदाचा आहे, छोट्या रिव्हेटवर फिरतो. हात वर केला की भोपळा चेहऱ्यासमोर येतो, खाली केला की चेहरा दिसतो. झाकायचं, दाखवायचं, पुन्हा झाकायचं. शेकर कार्डातल्या टिकल्या भुताशी हेच करतात. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं, जर्मन छपाईचा पुरवठा तुटला आणि पोस्टकार्डांचा तो बहर ओसरला.

[पुन्हा टेबल. डाय-कटिंग मशीनचं हँडल फिरतं. कर्र आवाज.]

खिडकी काळ्या जाड कागदात कापायची. कापायला पोलादी डाय, म्हणजे धारदार कडांचा साचा, मशीनच्या रुळांमधून एकदा गेली की झालं. इथं खिडकी बरणीच्या आकाराची आहे, चेटकिणीच्या काढ्याची बरणी. चौकटीवर जाळं, पांढऱ्या पावडरीचं, वर पाहिलं त्याच रीतीनं. मागून ॲसिटेटचं, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचं तावदान. जाळं आधी, तावदान नंतर, कारण साधं ॲसिटेट हीट गनपुढं वाकतं. तावदानावर बोट लागू द्यायचं नाही. लागलंच तर आत्ताच पुसायचं, नंतर आत हात जात नाही.

[फोम टेपच्या पट्ट्या. एकाला एक भिडवल्या जातात.]

तावदानाभोवती फोम टेप, दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड, स्पंजासारखी पट्टी. कोपऱ्यात पट्ट्या घट्ट भिडल्या पाहिजेत. सुईएवढी फट राहिली तरी मणी तिथून वाट काढतात. टेपचे दोन थर दिले की पोकळी पुरेशी खोल होते आणि टिकल्या अडकत नाहीत. मग तीच पुरचुंडी पुन्हा, तावदानाच्या आतून आणि टेपच्या आतल्या कडांवरून. नाहीतर टिकल्या कडेला चिकटून बसतात आणि खुळखुळ मुकी होते.

[बरण्यांतून टिकल्या. खूप जवळून.]

चौकट पालथी. आत टिकल्या, काळे बारीक मणी, दोन-तीन नारिंगी मणी, आणि खणातल्या त्या कागदांतून कापलेली चार वटवाघळं. इथं हात आखडता घ्यायचा, छोटा चमचाही भरू नये इतकं पुरे. टिकल्या फार झाल्या की नुसता ढीग दिसतो आणि भूत त्याखाली गडप होतं.

टेपवरचे कागद सोलायचे. रंगवलेला कागद वरून पालथा, एका कडेनं टेकवत. ही टेप एकदा चिकटली की सुटत नाही.

[श्वासाचा आवाज. हात स्थिर. कागद टेकतो.]

मागं घडीचं जाड कार्ड. सव्वाचार इंच बाय साडेपाच इंच, घडी हाडाच्या पट्टीनं दाबलेली. डिंक, दाब, झालं.

सुटी प्लॅस्टिकची चमकी या टेबलावर नाही. युरोपीय संघात ऑक्टोबर २०२३ पासून तिच्या विक्रीवर निर्बंध आहेत, कारण ती धुऊन जाते आणि पाण्यात राहते. टिकल्याही प्लॅस्टिकच्याच आहेत, त्या निदान बंद खिडकीत राहतात. आणि टपालानं पाठवायचं तर जाडी मोजून घ्या. अमेरिकेत पाव इंचावर गेलेला लिफाफा साध्या पत्राच्या दरात जात नाही.

[हात धुतले जातात. नखांच्या कडांना जांभळा तसाच.]

कार्डाच्या आत मजकूर हातानं लिहिलाय, दोन ओळी आणि तारीख. तो आम्ही चित्रित केला नाही. तो ज्याच्यासाठी आहे त्यानंच वाचावा.

[कार्ड उजेडात. उभं. हात ते एकदा हलवतात.]

टिकल्या खाली येतात. आधी डोकं दिसतं, मग डोळे. एक वटवाघूळ बरणीच्या गळ्यापाशी अडकलंय.

[बोटाची टिचकी. ते सुटतं.]

लिफाफा.

[खुळखुळ, लिफाफ्याच्या आतून.]