कागद नाही म्हणून पोर परत पाठवायचं नाही

नमस्कार श्रोतेहो! आज एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती परत परत सांगणार आहे. कागद नाही म्हणून कुठल्याही सरकारी शाळेला पोराला दारातून परत पाठवता येत नाही.

झालं असं, दिवाळीनंतर आमच्या शिवारात ऊसतोडीची टोळी उतरली, कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहिल्या, आणि एका कोपीत ही दहा वर्षांची पोरगी दिवसभर धाकट्या भावाला सांभाळत बसायची, आईबाप पहाटेच फडात. मी पाणी घ्यायला थांबलो तर कोपीबाहेरच्या दगडावर कोळशाने रेघा मारलेल्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. म्हटलं, हे काय गं? तर म्हणाली, आबाच्या मोळ्या, मुकादम कमी लिहितो म्हणून मी मोजते. शाळेचं तोंड न बघितलेली पोरगी, श्रोतेहो, आणि पाच-पाचाचे गठ्ठे करून हिशेब ठेवत होती!

तिच्या आईला घेऊन मी गावातल्या शाळेत गेलो. सर म्हणाले जन्माचा दाखला आणा, दुसरे म्हणाले आता नोव्हेंबर आहे, प्रवेश जूनमध्ये होतात. आई निघालीच होती, तिला ‘नाही’ हा शब्द ऐकायची सवय असावी. मी तिला थांबवलं आणि सरांसमोर शिक्षण हक्क कायदा ठेवला, 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. कलम 14, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. कलम 15, मुदत संपली म्हणूनही नाकारायचा नाही. सरांनी दोनदा वाचलं, मग स्वतःच कागद पुढे केला, आईने पोरीचं वय लिहून दिलं, अंगठा लावला, झालं. आणि वयाप्रमाणे थेट पाचवीत बरं का, पहिलीच्या लहान पोरांत नाही, मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं हेही कलम 4 मध्येच आहे. भाऊ सकाळी अंगणवाडीत.

तिला पाटी दिली होती. पाटी परत यायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, पुसता येतं म्हणून पोरगं चुकायला घाबरत नाही, वहीत लाल रेघ कायमची राहते.

आता थोडक्यात. 6 ते 14 वर्षं, पहिली ते आठवी, फुकट आणि सक्तीचं, संविधानाच्या कलम 21-अ नुसार. सक्ती सरकारवर आहे, पोर शाळेत आणायची जबाबदारी त्यांची. आपल्याकडे तर शाहू महाराजांनी 1917 लाच कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं, पोर न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड! उशिरा आलेल्या पोराला चौदा उलटले तरी आठवीपर्यंत फुकटच शिकता येतं. मारणं बंद, देणगी बंद. कुणी नाकारलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, पोच घ्यायला विसरू नका.

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, टोळी निघाली. त्याच सरांनी शाळा सोडल्याचा दाखला लगेच लिहून पोरीच्या हातात दिला. तिने घडी घालून पाटीमागे ठेवला आणि विचारलं, सर, हा हरवला तरी घेतील ना? सर म्हणाले, घ्यावंच लागेल.