भेग सगळ्यांना दिसली होती

(दृश्य: काँक्रीटच्या खांबावरची भेग, अगदी जवळून)

२३ एप्रिल २०१३. ढाक्याजवळच्या साभारमध्ये राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला तडे गेले. त्यातल्या बँकेने कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं, खालची दुकानं बंद झाली. वरच्या मजल्यांवर परदेशी ब्रँडसाठी कपडे शिवणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. सकाळी वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि नऊच्या सुमारास इमारत कोसळली. १,१३४ माणसं गेली.

भेग एकच होती. बँकेला एक दिवस थांबणं परवडलं, शिलाई कारखान्यांना नाही. माल उशिरा निघाला तर तो जहाजाऐवजी विमानाने पाठवावा लागतो आणि ते भाडं कारखान्याच्याच माथी बसतं, नाहीतर ऑर्डर हातची जाते.

(दृश्य: शिलाई मशीनवर पळणारी बोटं)

यातल्या काही कारखान्यांची 'सामाजिक तपासणी', म्हणजे कामगारांना कसं वागवलं जातं याची पाहणी, झालेली होती. कागद व्यवस्थित होते. पण इमारत किती भक्कम आहे, हे त्या तपासणीत पाहिलंच जात नव्हतं.

कंपन्या शाळांना बाकं देतात, झाडं लावतात. ते चांगलंच आहे, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण ते नफा हातात आल्यानंतरचं काम. नफा कुठून आणि कुणाच्या जिवावर येणार, ते खरेदी विभागाच्या टेबलावर ठरतं. शर्टामागे किती पैसे द्यायचे, किती दिवसांत माल मागायचा, आयत्या वेळी रंग बदलला तर वाढीव मुदत द्यायची की नाही. आमच्या मते, सामाजिक जबाबदारीची पहिली ओळ या कागदावर लिहायला हवी.

(दृश्य: करारावरच्या सह्या)

दुर्घटनेनंतर महिन्याभरात ब्रँड आणि कामगार संघटनांनी 'अकॉर्ड' हा करार केला. तो कायद्याने बंधनकारक होता. स्वतंत्र अभियंते इमारती तपासणार, अहवाल जाहीर होणार. त्यातलं एक कलम फारसं कुणी सांगत नाही: सुरक्षित इमारत राखणं आणि दुरुस्ती करणं कारखान्याला परवडेल, अशाच व्यवहाराच्या अटी ब्रँडने ठरवायच्या. शिवाय पहिली दोन वर्षं तिथली खरेदी चालू ठेवायची. इथे जबाबदारी भावात आली, मुदतीत आली, पुरवठादाराशी किती काळ नातं ठेवायचं या निर्णयात आली.

(दृश्य: कारखान्याचा दरवाजा, सकाळची पाळी)

आणि मशीनवर बसणाऱ्या बाईच्या वाट्याला एक हक्क आला. इमारत धोक्याची वाटली, तर ती आत जायला नकार देऊ शकते. त्या दिवसाचा पगार कापता येणार नाही.