दुसरी पार्टी

(दृश्य : कोथरूड. जुन्या सोसायटीचा तिसरा मजला, दारासमोर चपलांचा ढीग.)

शनिवार, संध्याकाळचे सहा. दाराबाहेर चपलांचे अकरा जोड. फ्लॅट दोन बेडरूमचा आणि बघायला आलेली कुटुंबं चार. कुणी नळ सोडून बघतंय, कुणी भिंतीची ओल चाचपतंय. एकमेकांकडे मात्र कुणी बघत नाही.

जिन्यात एजंट या नवरा-बायकोला बाजूला घेतो. "ताई, दुसरी पार्टी उद्या सकाळी टोकन, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, देतीये. आज दोन लाख टाका, विषय संपला."

पुण्यातल्या प्रत्येक रिसेल फ्लॅटला अशी एक दुसरी पार्टी असतेच. बहुतेकदा ती एजंटच्या तोंडातच राहते. या वेळी मात्र खरी होती, आणि ८७ लाख द्यायला तयार होती. यांची उडी ८५ पर्यंतच.

नवऱ्याचा हात मोबाईलकडे गेला. ती म्हणाली, "काका, आधी फाईल दाखवा."

(दृश्य : रबरबँड लावलेली फाईल. शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू.)

शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीचा सभासद असल्याचा दाखला, सगळे पुढून बघतात. वाचायचं असतं मागून. फ्लॅट कुणाकडून कुणाकडे गेला, त्याच्या नोंदी तिथे असतात. शेवटची नोंद वडिलांच्या नावाची, आणि वडील जाऊन तीन वर्षं झालेली. व्यवहार बघणारा थोरला मुलगा म्हणाला, "नॉमिनी मीच आहे ना."

इथे भलेभले फसतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हक्क वारसांचा. वारस चार : आई, थोरला, बहीण आणि कॅनडातला धाकटा. एकतर चौघांनी मिळून विकायचं, नाहीतर तिघा भावंडांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. ठरलं हक्कसोडपत्राचं. धाकटा विकणाऱ्यांत राहिला असता तर आणखी एक पेच होता. ५० लाख आणि त्यावरच्या घराला घेणाऱ्यानं किमतीतून १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याचा आगाऊ आयकर, कापायचा असतो. अनिवासी माणसाच्या हिश्श्याला तो दर चालत नाही, बराच जास्त कापावा लागतो. आणि चुकलं तर आयकर खात्याची नोटीस येते ती घेणाऱ्याला.

टोकन त्याच रात्री दिलं. पण दोन लाख नाही. २५ हजार, तेही चेकनं. पावतीवर तिनं दोन ओळी घालून घेतल्या : हक्कसोडपत्र ठरल्या मुदतीत झालं नाही, किंवा बँकेनं कागदपत्रांत दोष काढून कर्ज नाकारलं, तर टोकन पूर्ण परत. एजंटचं तोंड वाकडं झालं. होऊ दे. भाव दोन लाखांनी खाली आणण्यापेक्षा या दोन ओळी मोलाच्या, असं माझं मत आहे.

मग ८७ वाले मागे का पडले? त्यांना आधी स्वतःचा फ्लॅट विकायचा होता. यांच्याकडे बँकेचं मंजुरीपत्र तयार होतं, पदरची रक्कमही मोकळी. विकणाऱ्यांची आई, म्हणजे आजी, थोरल्या मुलाला म्हणाल्या, "दोन लाख कमी आले तरी चालतील, पण मला पुन्हा चार लोक घरात फिरायला नकोत."

पुढचे दोन महिने फोटोकॉप्यांचे. वकिलानं ३० वर्षांच्या मालकीच्या नोंदी तपासून दिलेला सर्च रिपोर्ट, बँकेचं व्हॅल्युएशन, सोसायटीचा ना-हरकत दाखला. फ्लॅट नव्या नावावर करताना सोसायटी घेते त्या ट्रान्सफर प्रीमियमला २५ हजारांची मर्यादा आहे, म्हणून सोसायटीनं वर 'ऐच्छिक' देणगी मागितली. सोसायटीच्या ऑफिसात या शब्दाचा अर्थ निराळा असतो.

घरात खरं वाजलं ते मुद्रांक शुल्कावरून. ७ टक्क्यांनी ५ लाख ९५ हजार. एकट्या तिच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत, म्हणजे ८५ हजार वाचणार. दोन संध्याकाळी वाद झाला. शेवटी नावं दोघांची लागली, ८५ हजार गेले.

(दृश्य : दुय्यम निबंधक कार्यालय. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टोकन नंबर पुकारणारा आवाज.)

नोंदणी फी ३० हजार, दोन साक्षीदार, सगळ्यांचे फोटो. यंत्रावर आजींचा अंगठा काही उमटेना. भांडी घासून घासून रेषाच पुसल्या होत्या. कारकून म्हणाला, "आजी, पदराला पुसा आणि जरा दाबून धरा." चौथ्या खेपेला उमटला.

जिना उतरताना आजींनी तिचा हात धरला. "बाल्कनीतला नळ उलटा फिरतो बरं का. जोर लावू नकोस."