टिहरी एवढं उंच, मग मेगावॉट कोयनेच्या निम्मेच कसे?

नमस्कार मंडळी! चिपळूणमध्ये पाऊस लागलाय, मागे पत्रा वाजतोय, तेवढं चालवून घ्या.

कोयनेच्या व्हिडिओखाली उत्तराखंडातल्या भागीरथी नदीवरच्या टिहरी धरणावरून सगळ्यांचं एकच पालुपद : 'दादा, टिहरी २६०.५ मीटर उंच, कोयना जेमतेम १०३. मग टिहरी १००० मेगावॉट आणि कोयना १९६० कशी?'

पहिली गोष्ट पटकन. धरण किती उंच, यापेक्षा पाणी किती खाली पडतं ते बघा. कोयनेचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीखालून पोफळीच्या वीजघराकडे येतं, साडेचारशे मीटरहून जास्त उतरून. झालं.

खरी गोम पुढे आहे. मेगावॉट ही यंत्रांची ताकद. वर्षाची वीज मोजायची युनिटात. टिहरीची १००० मेगावॉटची यंत्रं वर्षभर अखंड फिरली तर ८७६ कोटी युनिट होतील. आराखड्यात धरलेत सुमारे २८० कोटी. जेमतेम तिसरा हिस्सा! लगेच 'घोटाळा' लिहू नका. भागीरथी हिवाळ्यात रोडावते. म्हणून नियोजन करताना प्रवाहाच्या जुन्या नोंदी काढतात आणि दहातल्या नऊ वर्षांत हमखास मिळेल एवढंच पाणी धरतात. शिवाय जलाशय ८३० मीटरच्या पातळीवरून ७४० पर्यंत उतरतो, म्हणजे पडण्याची उंचीही घटते.

'मग एवढी यंत्रं कशाला?' अहो, संध्याकाळसाठी! सगळे एकदम दिवे लावतात तेव्हा तासाभरात भरपूर वीज लागते.

वाशिष्ठीकाठच्या माणसाला हे मी काय सांगणार? कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून झालेलं पाणी, सुटलं की पात्र भरतं, यंत्रं थांबली की दगड उघडे. माझे काका पोफळीला कामाला होते, त्यांचं जेवण कायम गार, कारण घराघरांत कुकर लागायची वेळ तीच यंत्रं जोरात चालवायची वेळ. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने कोयनेचं पाणी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) ठरवून दिलंय. कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याने १००० मेगावॉट वाढवले. पाण्याचा वाटा तेवढाच.

आणि ते रीलवाले! 'अमुक मेगावॉट, तमुक लाख घरं उजळणार.' किती तास, ते कोण विचारणार?

अजून पटत नसेल तर टिहरीतच बघा. तिथे उदंचनाची आणखी १००० मेगावॉटची यंत्रं आलीत. खालच्या कोटेश्वरच्या जलाशयातून पाणी वर चढवायचं आणि पुन्हा सोडायचं. चढवायला लागते त्यापेक्षा कमीच वीज परत मिळते. तरी करतात, कारण दुपारची सौर वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग. मेगावॉट दुप्पट झाले, भागीरथीत थेंब वाढला नाही.

टिहरी गाव बुडालं त्याबद्दलही विचारताय. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो, तो असा दोन वाक्यांत उरकायचा विषय नाही.