पाच खणांचं दुकान

औसा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावची ही पेठ. आज बाजाराचा दिवस नाही, म्हणून रस्ता तरी दिसतोय.

डाव्या हाताला निळ्या पाटीचं ऑनलाइन सेवा केंद्र. सातबारा, पीकविमा, आधार, झेरॉक्स. पाटी राहू द्या, खाली उंबऱ्याकडं बघा. सागवानी उंबऱ्याला लांबलचक खाच आहे. तिच्यात एकेक फळी सरकवून दुकान बंद व्हायचं. फळ्यांवर आकडे कोरलेले, कारण चारची फळी पाचच्या जागी बसायचीच नाही.

आत पाच खण, म्हणजे तुळयांमधले एकामागं एक पाच भाग. १९११ साली बार्शी लाइटची छोटी रेल्वे लातूरला पोचली, इकडचा माल बैलगाड्यांनी तिकडं जायला लागला आणि असल्या पेठांना चांगले दिवस आले. पुढच्या खणात गादी, मुनीम, चोपड्या. त्यामागं कापड. पार मागं कापूस, करडई, ज्वारी. धान्य साठवायला भिंतीत बळद, जमिनीत पेव. व्यवहार निजामाच्या हाली रुपयांत. शंभर कलदारांना, म्हणजे इंग्रजी रुपयांना, ११६च्या वर हाली मोजावे लागत. हा हिशेब ज्याला तोंडपाठ, तो मुनीम!

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामाची राजवट गेली. दुकान मात्र चालू राहिलं. त्याला खरा धक्का दिला तो कायद्यांनी. १९६३चा बाजार समिती कायदा आला आणि धान्याची अडत हळूहळू समितीच्या बाजारात, मोंढ्यात गेली. १९७२ पासून कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदीत. मागचे खण ओस पडले. दुष्काळात तिथं रेशनची पोती लागली, लाल मिलो ज्वारीची. त्या भाकरीचा विषय काढला की इथली म्हातारी माणसं अजून तोंड वाकडं करतात.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप. हे दुकान तगलं. पण गावोगाव माणसं गाडली गेली होती ती अशाच दगडमातीच्या भिंती आणि मातीच्या जड छताखाली, माळवदाखाली. त्यानंतर आत निजायला कुणी धजेना. वरची माती उतरवली, पत्रे ठोकले. पेव मुरमानं बुजवलं.

पुढं एसटीडी बूथ, मग खत-बियाणं, मग मोबाइल रिचार्ज. गंमत बघा, दर नव्या धंद्याला आधीच्यापेक्षा कमी जागा पुरली. आता एक संगणक, प्रिंटर, बसायला बाकडं. सगळं पहिल्या खणात मावतं. मागं प्लायवूडची आडभिंत.

आडभिंतीपलीकडं बळद अजून आहे. खालच्या भोकात चिंधीचा बोळा. तो उपसला की ज्वारी आपोआप घरंगळत यायची, शिडी लावायची गरज नाही. आम्ही बोळा काढून पाहिला. थोडी धूळ आली, बाकी काही नाही.

इमारत तिघा भावांच्या नावावर. दोघांना पाडून गाळे काढायचेत. जुन्या सागाला भाव आहे, तुळया बघायला गिऱ्हाईकही येऊन गेलं. धाकटा इथं केंद्र चालवतो. त्याचं म्हणणं एवढंच, की पीकविम्याची मुदत संपेपर्यंत कुणी विषय काढू नका, सध्या गर्दी फार आहे.