कर्कवॉलचे सेंट मॅग्नस कॅथीड्रल

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे, समुद्रात विखुरलेल्या ऑर्कनी बेटांवर कर्कवॉल हे लहानसे शहर आहे आणि शहराच्या मानाने अवाढव्य वाटणारे सेंट मॅग्नस कॅथीड्रल त्याच्या मध्यभागी उभे आहे.

११३७ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले, तेव्हा ही बेटे स्कॉटलंडची नव्हतीच. नॉर्वेच्या राजाचे मांडलिक अर्ल तिथे राज्य करीत. सत्तेच्या वादात अर्ल मॅग्नसचा त्याच्याच चुलतभावाने, हाकॉनने, एगिल्से बेटावर वध करविला आणि पुढे लोक मॅग्नसला संत मानू लागले. त्याचा भाचा रॉग्नवाल्ड याने अर्लपद मिळाल्यास मामाच्या नावे दगडी चर्च उभारण्याचा नवस बोलला होता, तो त्याने फेडला. मध्येच पैसा अपुरा पडला, तेव्हा जमीनधारकांनी आपल्या वडिलोपार्जित जमिनींवरचा हक्क सोडवून घेण्यासाठी रक्कम भरली आणि काम पुढे सरकले, असे जुन्या नॉर्स गाथेत नोंदलेले आहे.

पश्चिमेकडच्या दारांजवळ थांबून पाहावे. कर्कवॉलजवळचा लाल आणि ईडे बेटावरचा पिवळा वालुकाश्म आलटून पालटून बसवलेला दिसतो. दगड मऊ असल्यामुळे वारा-पावसाने त्यावरचे कोरीव काम पुष्कळ झिजले आहे. आत जाडजूड गोल खांब आणि अर्धगोल कमानी आहेत, तर नंतर वाढवलेल्या पूर्व भागात गॉथिक शैलीच्या टोकदार कमानी दिसतात, कारण हे बांधकाम सुमारे तीनशे वर्षे टप्प्याटप्प्याने चालले होते. मधले दालन अरुंद असल्याने छत आहे त्याहून उंच भासते.

१९१९ मध्ये दुरुस्ती चालू असताना एका खांबाच्या पोकळीत लाकडी पेटी सापडली. तिच्यातील अस्थींमध्ये जखमेची खूण असलेली कवटी होती. मॅग्नसच्या डोक्यावर घाव घातल्याचे गाथा सांगते, त्यामुळे या अस्थी त्याच्याच मानल्या जातात. त्या पुन्हा खांबातच ठेवण्यात आल्या.

१४६८ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ऑर्कनी बेटे स्कॉटलंडकडे गहाण ठेवली. त्यानंतर १४८६ मध्ये तिसऱ्या जेम्स राजाने सनद देऊन हे कॅथीड्रल कर्कवॉलच्या नागरिकांच्या स्वाधीन केले. या वास्तूच्या इतिहासातील सर्वांत मोलाची घटना हीच म्हणावी लागेल. पुढे १६१४ च्या बंडात बंडखोरांनी इथे आश्रय घेतला, तेव्हा वेढा घालणारा केथनेसचा अर्ल ते पाडायला निघाला होता. बिशप जेम्स लॉ यांनी त्याला अडवले.

आज चर्च ऑफ स्कॉटलंडची मंडळी इथे उपासना करतात, परंतु मालकी धर्मसंस्थेची नाही. ऑर्कनीच्या रहिवाशांच्या वतीने तिथली स्थानिक परिषद या वास्तूची देखभाल करते.